जिद्दीचे डोस नकोत, आधी हिमोग्लोबिन तपासा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत धावणं सुटलेल्यांसाठी पानभर सल्ला छापून आला होता. पान देखणं होतं, उगवत्या सूर्यासमोर पळणारी सडपातळ मुलगीही होती. पहिलाच सल्ला असा, की आधी एखाद्या स्पर्धेत नाव नोंदवून टाका. पैसे भरले की माणूस झक मारत उठतो. त्याखाली सगळा मनाचा कारभार होता. जिद्द, निश्चय, कारणं सांगणं बंद करा वगैरे. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं म्हणून ते पान शेवटपर्यंत वाचलं आणि खरं सांगते, राग आला. तो राग थोडा शांत झाल्यावर हे लिहिते आहे.

माझं साताऱ्यात राजवाड्याजवळ ब्लाउज शिवण्याचं छोटं दुकान आहे. वय ४९. धावायला लागले तेव्हा पस्तिशी उलटली होती. सकाळी टेकडीवरच्या ‘चार भिंती’ स्मारकाच्या बाजूला फिरायला जायचे, तिथल्या काही बायका पळायच्या, त्यांच्या मागे मागे मीही पळू लागले. आधी सलवार-कमीजवर, मग स्वतःच शिवलेल्या ट्रॅक पँटवर. साताऱ्यात २०१२ पासून हिल हाफ मॅरेथॉन होते. गावातून निघून यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्याने पुढे जाऊन मागे फिरायचं, एकूण २१ किलोमीटर. पावसाळ्यातली शर्यत, धुकं असतं, पाठीला पाऊस लागत असतो. त्या घाटाने मी चढले-उतरले आहे, धडपणे, पायावर उभी राहून परत आले आहे. तेव्हा धावणं म्हणजे काय हे मला पुरवणीतून कळलेलं नाही, एवढं सांगण्यापुरतं हे सांगितलं.

मग सुटलं. सुटलं म्हणजे एका दिवशी ठरवून थांबवलं असं नाही. २०२० च्या मार्चमध्ये सगळ्यांचंच बंद झालं. मी गच्चीवर पळून बघितलं, खालच्या बिऱ्हाडाने छताला काठी ठोकली. नंतर रस्ते उघडले, पण त्याच सुमारास सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. त्यांचं उठवणं, बसवणं, अंघोळ, औषधं, सगळं सकाळच्या त्याच तासाभरात येऊन बसलं, जो पूर्वी माझा होता. पुढे त्या वॉकर धरून चालू लागल्या, पण तो तास काही परत आला नाही. तास असा रिकामा राहत नाही ना. त्यात डबे येतात, पाणी भरणं येतं, लग्नसराईत फॉल-बीडिंगचा ढीग येतो. पळणाऱ्यांच्या ग्रुपचे मेसेज आधी वाचायची, मग नुसते बघायची, शेवटी आवाज बंद करून टाकला. पोवई नाक्यावर ग्रुपमधलं कुणी दिसलं तर मी दुकानाच्या काचेत बघत उभी राहायची. ‘काय ताई, हल्ली दिसत नाही?’ या प्रश्नाला एका वाक्यात देता येईल असं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

आता त्या पानावर म्हटल्याप्रमाणे ही सगळी ‘कारणं’ झाली. असोत. पण कारणं सांगू नका असं म्हणणाऱ्या माणसाला सकाळी उठल्यावर चहा कोण देतं, हे मला एकदा बघायचं आहे.

खरी गोष्ट पुढेच आहे. दोनेक वर्षांपूर्वी मी पुन्हा पळायचं मनावर घेतलं. मनावर घेतलं म्हणजे अगदी पुरवणीत लिहिलंय तसं, गजर लावून, बूट दाराशी ठेवून. पण गोडोलीच्या तळ्यापर्यंत नुसतं भराभर चालत गेलं तरी छाती भात्यासारखी हलायची. घरी म्हणाले, वय झालं. मलाही तेच वाटलं. दुकानाचा जिना अस्तराचा तागा घेऊन चढले की वर दोन मिनिटं टेकावं लागायचं. दुपारी मशीनवर बसल्या बसल्या डुलकी यायची. आणि एक विचित्र सवय लागली होती: तांदूळ निवडताना कच्चे दाणे तोंडात टाकायचे. मूठ मूठ. ते मी कुणाला सांगितलं नव्हतं, सांगण्यासारखं काही आहे असं वाटलंच नव्हतं.

सासूबाईंचं रक्त घ्यायला लॅबमधला मुलगा घरी यायचा. एकदा डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे बघून विचारलं, तुम्ही कधी तपासलंय का? आणि दुसरा प्रश्न, माती, खडू, बर्फ, कच्चे तांदूळ असलं काही खावंसं वाटतं का? मी उडालेच. अंगात लोह कमी पडलं की असलं खावंसं वाटतं म्हणे. हिमोग्लोबिन निघालं ८.६. बाईमाणसाचं १२ च्या खाली असलं की त्याला रक्तक्षय म्हणतात. फेरिटीन नावाची तपासणी केली, तिच्यातून शरीरातला लोहाचा साठा कळतो. तो जवळजवळ संपलेला होता. सोनोग्राफीत गर्भाशयात गाठी दिसल्या. पाळी जायच्या आधीच्या त्या वर्षांत मला अंगावरून फार जायचं, आणि ‘या वयात असं होतंच’ म्हणून मी ते चालवून घेत होते. आमच्यात सगळ्याच बायका चालवून घेतात.

संपादक महाशय, श्वासातून घेतलेला प्राणवायू पायापर्यंत नेतं ते हिमोग्लोबिन. ते जवळजवळ तिसऱ्या हिश्शाने कमी असलेल्या बाईला तुम्ही जिद्द दाखवा म्हणता. कुठल्या रक्तात दाखवायची? आणि हे माझ्या एकटीचं नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला, महाराष्ट्रात ५४ टक्के. म्हणजे तुमची पुरवणी वाचणाऱ्या दोन बायकांतल्या एकीला. तुमच्या त्या पानावर ‘रक्त तपासा’ हे दोन शब्द कुठेही नव्हते. केळी खा असं मात्र होतं.

लोहाच्या गोळ्या काही महिने घेतल्या. त्या चहाबरोबर घेतल्या की बऱ्याचशा फुकट जातात, चहातल्या द्रव्याने लोह शरीरात नीट शोषलं जात नाही. लिंबू-पाण्याबरोबर घ्यायच्या, आणि चहा तासाभराने. हे मला डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. आकडा १२ च्या वर गेल्यावर मी बाटली कपाटात ठेवून देणार होते, तर त्यांनी पुन्हा दम दिला की आकडा वर आला तरी साठा भरायला आणखी तीनेक महिने लागतात, थांबायचं नाही. गाठींवरचे उपचार वेगळे चालू आहेत, त्यात वाचकांना रस असायचं कारण नाही. पण कच्चे तांदूळ खाणं आपोआप सुटलं. गंमत म्हणजे त्याच आठवड्यात कधीतरी मी जिना न टेकता चढून गेले आणि वर पोहोचल्यावर लक्षात आलं.

मग पळायला लागले. इथून पुढे पुन्हा तुमच्या पानाशी भांडण आहे.

आधी नाव नोंदवा, हा सल्ला नवख्या माणसाला कदाचित लागू पडत असेल. त्याला काही माहीत नसतं, तो बिचकत पळतो. सुटलेला माणूस बिचकत नाही. त्याच्या डोक्यात जुना वेग बसलेला असतो. यवतेश्वरच्या कुठल्या वळणावर दम लागायचा, कुठून पुन्हा सुटायचं, हे सगळं त्याला पाठ असतं. आणि त्याच्यापुढे तारीख ठेवली की तो तारखेपासून उलटी मोजणी करतो, शरीरापासून सुलटी करत नाही. साताऱ्याच्या शर्यतीची नोंदणी काही महिने आधी होते आणि भराभर भरून जाते, त्यामुळे हातघाईवर येऊन नाव टाकलं जातं. आमच्या ग्रुपमधली एक जण, मोठ्या खंडानंतर परत आलेली, हेच करून बसली. महिनाभरात तिचा दम पूर्वीसारखा झाला. सगळे म्हणाले, वा! दुसऱ्या महिन्यात डाव्या नडगीला एका ठिकाणी बोट लावलं तरी कळ जायची. एक्स-रेत काही दिसलं नाही. ती तशीच पळत राहिली. नंतर एमआरआयमध्ये हाडाला बारीक चीर निघाली. शर्यतीच्या दिवशी ती घाटात टाळ्या वाजवायला उभी होती, पायात तो मोठा बूट घालून.

असं का होतं ते मला सासूबाईंना व्यायाम द्यायला येणाऱ्या फिजिओथेरपिस्ट मुलीने समजावून सांगितलं. पळणं थांबलं की पहिल्या दोन आठवड्यांतच रक्तातलं पाणी कमी होतं, हृदयाच्या एका ठोक्याला कमी रक्त जातं, म्हणून नाडी वाढते आणि दम लागतो. पण हे जसं लवकर जातं तसं लवकर परतही येतं. काही आठवडे पळलं की श्वास सुधारतो. हाडं, घोट्यामागची शीर, गुडघ्याभोवतीचे बंध यांचं तसं नाही. त्यांना महिने लागतात. हाडावर नवा भार आला की शरीर आधी जुनं हाड थोडं कोरून काढतं आणि मग तिथे नवं भरतं. म्हणजे मधले काही आठवडे हाड उलट कच्चं असतं. आणि नेमके तेच आठवडे असतात जेव्हा छाती म्हणत असते, चल, अजून एक फेरी. पळताना प्रत्येक पावलाला अंगाच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार पायावर येतो. मधल्या काळात वजन वाढलेलं, पाळी जाण्याच्या वयात हाडं ठिसूळ व्हायला लागलेली, आणि डोक्यात चाळिशीच्या आधीचा वेग. नडगी काय करणार?

म्हणून माझं म्हणणं, दमावर विश्वास ठेवू नका. दम लागत नाही याचा अर्थ पाय तयार आहेत असा नाही. ही एक ओळ जरी तुम्ही ठळक अक्षरांत छापली असती तरी मी हे पत्र लिहिलं नसतं.

मी काय केलं ते सांगते. किलोमीटर मोजले नाहीत. मुलाने पुण्याहून घड्याळ पाठवलं होतं, ते मनगटावर बांधलं की ‘तुमची क्षमता घटली आहे’ असलं काहीतरी दाखवून हिरमोड करायचं. २२० वजा वय या हिशेबाने माझी नाडी १७१ च्या वर जाऊ नये म्हणे, आणि हाही ढोबळ हिशेब, माणसागणिक बराच इकडेतिकडे होतो. ते घड्याळ आता सासूबाई घालतात, त्यांना त्यात पावलं मोजायला आवडतं. मी साधी वेळ धरली. वीस मिनिटं. त्यात एक मिनिट पळायचं, दोन मिनिटं चालायचं. पळतानाही वेग असा, की गिऱ्हाइकाशी फोनवर ‘ताई, गुरुवारी नक्की देते’ हे वाक्य धापा न टाकता बोलता आलं पाहिजे. दिवसाआड. मधल्या दिवशी जिन्याच्या पायरीवर टाचा वर-खाली करायच्या, हा व्यायाम त्या मुलीनेच दिला. पळता पळता चालणं याची आपल्याकडे फार लाज वाटते लोकांना. स्टेडियमवर कुणी आपल्याला चालताना पाहिलं तर? पण ही पद्धत जगभर पसरवणारे जेफ गॅलोवे हे अमेरिकन गृहस्थ स्वतः १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये १०,००० मीटर धावलेले होते. ऑलिंपिकला गेलेल्या माणसाला चालण्याची लाज वाटली नाही, मग शाहू स्टेडियमवर आपल्याला कशाला वाटावी?

साताऱ्यात सपाट जागा कमी, ही आणखी एक अडचण. गाव अजिंक्यताऱ्याच्या उतारावर वसलेलं, घरातून कुठल्याही दिशेने निघा, चढ नाहीतर उतार. लोक म्हणतात चढ टाळा. माझा अनुभव उलटा आहे, परत येणाऱ्याने उतार टाळावा. चढावर माणूस दमतो आणि मुकाट्याने चालायला लागतो. उतारावर पाय आपोआप सुटतात, मजा वाटते, आणि मांड्यांचे स्नायू ताणल्या अवस्थेत ब्रेक दाबत राहतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना आई आठवते. मी बरेच दिवस उतार पूर्ण चालत उतरायचे, मागून येणारी कॉलेजची पोरं हसायची. हसोत बापडी.

वेळापत्रकं छापता तीही बघा. पहिल्या आठवड्यात इतके, दुसऱ्यात तितके, दर आठवड्याला वाढतंच जायचं. मी ब्लाउज शिवताना आत माया सोडते, म्हणजे पुढे बाई अंगाने भरली तर उसवून सैल करता येतो. तशी माया तुमच्या एकाही वेळापत्रकात नसते. घरात कुणी आजारी पडलं, गौरी-गणपती आले, पाळीचे दिवस अवघड गेले, की रकाना चुकतो. एक रकाना चुकला की माणूस भरपाई म्हणून पुढच्या रविवारी दुप्पट पळतो, नाहीतर सगळंच सोडतो. मी तर सरळ ठरवलं, की आजारपण किंवा सणावारामुळे आठवडा बुडाला तर परत मागच्या आठवड्याचंच करायचं, पुढचं नाही. त्यामुळे सलग अर्धा तास पळणं इतरांना नऊ-दहा आठवड्यांत जमतं, त्याला मला खूप जास्त वेळ लागला. चालेल. मला कुणी तारीख दिलेली नव्हती.

आणखी एक. आपल्या पानावर अविनाश साबळेचा दाखला होता. तो दाखला मला फार आवडतो, पण तो तिथे कशाला? बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातला मांडव्याचा मुलगा, सैन्यात गेला, सियाचीनला राहिला, वजन वाढलं होतं ते तीन महिन्यांत वीस किलो उतरवलं आणि पुढे २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायच्या शर्यतीत, ८ मिनिटं ११.२० सेकंदांत रौप्यपदक घेतलं. ऊर भरून येतो. पण तो तेव्हा विशीतला जवान होता, सैन्यात प्रशिक्षक होते, खाणं मोजून मिळत होतं आणि दिवसभराचं काम तेच होतं. आमच्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यातली, मोहीची ललिता बाबर २०१६ ला रिओ ऑलिंपिकच्या स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली, दहावी आली, तेव्हा मी दुकान बंद ठेवून टीव्हीसमोर बसले होते. ही माणसं बघून पळावंसं वाटतं, हे खरं. ‘तीन महिन्यांत वीस किलो’ हे मात्र माझ्या गिऱ्हाइकांतल्या बायका घरी जाऊन करायला बघतात. जेवण सोडतात आणि पळतात. रक्त आधीच नाही, त्यात जेवण सोडायचं. मग चक्कर येऊन पडल्या की आपल्यात दम नाही असं समजून कायमच्या बसतात.

बुटांबद्दल. पुरवणीत महागाचे बूट घ्या असं होतं, कुठले ते चित्रासकट होतं. मी एवढंच सांगेन, माळ्यावरचे जुने घालू नका. चार-पाच वर्षं पडून राहिलेल्या बुटांचा तळ वरून धड दिसतो, पण आतला फोम कडक झालेला असतो आणि आपल्या पावसाळ्यात डिंक सुटलेला असतो. आमच्या ओळखीच्या एकाचा तळ शर्यतीत निम्म्या वाटेत गळून पडला होता आणि तो मोज्यावर खाली आला. दुसरं म्हणजे वजन वाढलं की पाऊलही पसरतं, तेव्हा पाऊल मोजून घ्या, जुन्या नंबरवर जाऊ नका. आतले कपडेही तसेच, आणि हे मी धंद्यातली म्हणून सांगते: जुनी स्पोर्ट्स ब्रा घट्ट होते म्हणून चांगली धरून ठेवेल असं नसतं. इलॅस्टिक मेलेलं असतं. ती नुसती श्वास कोंडते आणि काखेत काचते. बायका माझ्याकडे जुन्या पळायच्या पँट सैल करायला आणतात. त्या फ्लॅटलॉक, म्हणजे सपाट जोडलेल्या शिलाईच्या असतात, आत उसवायला काही नसतंच. मी बाजूने पट्टी जोडून देते आणि किल्लीसाठी आतून खिसा फुकट लावते.

आता घराबद्दल, कारण शेवटी सगळं तिथेच येऊन अडतं. रक्त भरलं, बूट आले, रीत कळली, तरी तो तास कुठून आणायचा? आमच्याकडे सकाळी पाणी येतं तेव्हा भरून ठेवावं लागतं. यांची ड्युटी फिरती असते. मी एका रात्री जेवताना स्पष्ट सांगितलं, की आठवड्यातले तीन दिवस पाणी तुम्ही भरायचं आणि आईंचा चहा तुम्ही करायचा. हे म्हणाले, मला आईच्या चहाचं प्रमाण माहीत नाही. सासूबाई आतल्या खोलीतून ओरडल्या, ‘मी सांगीन की, तोंड शाबूत आहे माझं!’ बोलणं त्यांचं अजून थोडं जड आहे, पण हे वाक्य खणखणीत आलं. पहिले काही दिवस चहा कसा होता हे मी विचारलं नाही. अजूनही विचारत नाही. पळून आल्यावर ओट्यावर काय सांडलंय ते बघायचं नाही, हा नियम मला दिवसाआड पळण्याच्या नियमापेक्षा जड गेला.

आणि उजाडल्यावर जाते. पहाटे साडेचारला उठणाऱ्यांचं तुमच्या पानात फार कौतुक होतं. अंधारात बाईने एकटीने पळायचं म्हणजे कुत्री, खड्डे आणि मोटारसायकलवरून हळू जाणारे लोक. कुत्रं अंगावर आलं तर पळणं थांबवून सावकाश चालायचं, त्याच्या डोळ्यांत बघायचं नाही. इतर दोहोंवर मला उपाय सापडलेला नाही. उन्हाळ्यात साडेसहानंतर ऊन लागतं हे मान्य, पण मी फार वेळ पळतच नाही, त्यामुळे चालून जातं.

सध्या मी सलग अर्धा तास पळते, त्याच बोलता येईल अशा वेगाने. पूर्वी ज्यांच्या पुढे असायचे अशा काही जणी आता मला वळसा घालून पुढे जातात. पोटात कालवतं, नाही असं नाही. यंदा हिल मॅरेथॉनला नाव नोंदवलेलं नाही. पुढल्या वर्षी घाटाच्या पायथ्यापासून वरपर्यंत न दुखता जाऊन आले, तर बघू. ग्रुपवाल्यांनी मला पाण्याच्या टेबलावर उभं राहायला सांगितलंय, ते कबूल केलंय.

आता मुद्द्याची मागणी. आपल्या पुरवणीत दर वर्षी शर्यतींच्या आधी वेळापत्रक येतं. पुढच्या खेपेला त्याच्या शेजारी हातभर जागा सुटलेल्यांसाठी ठेवा. त्यात स्पर्धेच्या जाहिरातीऐवजी डॉक्टरांकडून लिहून घ्या, की चाळिशीनंतर परत सुरू करताना रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन, थायरॉइड यांपैकी कुणी काय तपासावं आणि छातीत दुखलं, चक्कर आली तर कधी थांबावं. फिजिओथेरपिस्टकडून नडगीचं दुखणं कसं ओळखावं ते घ्या: पसरट दुखतं तेव्हा काय करायचं आणि एकाच बोटाएवढ्या जागी दुखतं तेव्हा लगेच का थांबायचं. आणि फोटोत एखादी आमच्यासारखी छापा, थोडी जाड, चालणारी. फोटोसाठी मी उभी राहीन असं नाही, पण आमच्यातल्या दोघी-तिघी तयार आहेत, विचारून ठेवलंय.

पत्र लांबलं आहे, तुम्ही कापणारच. कापायचंच तर बुटांचं कापा, साबळेचंही कापा. रक्ताचं कापू नका.

कळावे,
आपली एक जुनी वाचक,
राजवाडा परिसर, सातारा
(नाव-पत्ता आपल्याकडे दिला आहे, छापू नये. गिऱ्हाईक दुकानात येऊन हिमोग्लोबिन विचारत बसेल.)

ता. क. – मांड्या एकमेकींवर घासून सालपटं निघतात, याबद्दल कुणीच लिहीत नाही आणि परत येणाऱ्या निम्म्या बायका त्यामुळेच चौथ्या दिवशी घरी बसतात. सुती कापड घामाने ओलं होऊन आणखी काचतं, म्हणून पॉलिएस्टर किंवा नायलॉन-लायक्राची गुडघ्यापर्यंतची आतली पँट घाला आणि निघण्याआधी व्हॅसलिन लावा. शिवून हवी असेल तर लग्नसराई संपल्यावर या.